पुस्तकाची नक्कल आणि शिक्षकाचा विवेक



आपल्या शाळांत पुस्तके थोडी आणि वाचू इच्छिणारी मुले फार. अशा वेळी एखाद्या हयात लेखकाचे अख्खे पुस्तक मोबाइलवर फुकट आले, तर ते पुढे धाडण्यात गैर ते काय, असे मनात येते. हेतू शुद्ध असतो. परंतु लेखकाच्या श्रमाचे मोल बुडते, हेही तितकेच खरे.

कायद्याने आपली अडचण ओळखलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेस मुभा देते; २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ उदारपणे लावला. शिवाय लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे ग्रंथ सर्वांचे होतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून मुक्त आहेत. ती खुशाल वाटावीत.

तेव्हा वर्गासाठी उतारा अवश्य घ्यावा, त्याखाली लेखकाचे नाव लिहावे; मात्र हयात लेखकाचे सबंध पुस्तक गावभर वाटू नये. परीक्षेत नक्कल करू नका, असे आपणच मुलांना सांगतो. आपले वर्तन ती पाहत असतात.