गुरुजींची स्कूटर



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, ही समस्त गावाला धन्यता वाटावी अशी गोष्ट आहे. कोणी द्रव्य दिले, कोणी श्रम दिले, त्यांची नावे या स्मरणिकेत येतील. पण गावची माणसे घडविणारा शिक्षक बहुधा अशा यादीत नसतो. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी एका शिक्षकाची व त्याच्या साध्या वाहनाची हकीकत सांगावयाची आहे.

हे शिक्षक म्हणजे क्रिकेटचे गुरू कै. रमाकांत आचरेकर. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १९३२ चा, मूळ मालवणकडचे. स्वतः त्यांना प्रथम दर्जाचा सामना एकच खेळावयास मिळाला. पोटापाण्यासाठी स्टेट बँकेत नोकरी आणि जिवाच्या आवडीसाठी मुंबईच्या शिवाजी पार्कवर मुलांना शिकविणे, असा त्यांचा जन्म गेला.

१९८४ साली अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा थोरला भाऊ अजित सरांकडे घेऊन आला. नव्या ठिकाणी मुलगा बुजला, त्याला नीट खेळता येईना. तेव्हा अजितच्या विनंतीवरून सर दूर गेल्यासारखे करून लांबून पाहू लागले, आणि मुलाची भीड चेपली. त्या दिवशी सर आपल्या पहिल्याच मतावर अडून राहिले असते, तर काय झाले असते याचा विचार शिकविणाऱ्या प्रत्येकाने करावा.

सरांजवळ एक स्कूटर होती. फलंदाज एकदा बाद झाला की त्या सामन्यातला त्याचा डाव संपतो, मग दिवसभर नुसते बसून राहावे लागते. सरांनी त्यावर उपाय काढला. शिवाजी पार्कवरचा खेळ झाला की मुलाला मागे बसवावयाचे आणि थेट आझाद मैदानावर दुसऱ्या सामन्याला न्यावयाचे. अशी ती स्कूटर मुंबईभर हिंडली. संध्याकाळी मुलगा थकला की सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचा रुपया, आणि कोणालाच बाद करता आले नाही तर सचिनचा. ती नाणी पुढे त्याने जिवापाड जपली. एकदा स्वतःचा सराव चुकवून तो दुसऱ्यांचा सामना पाहावयास गेला, तेव्हा मात्र सरांनी चांगलेच फटकारले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजविण्यापेक्षा लोकांनी आपल्यासाठी वाजवाव्यात असे खेळ, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता.

प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदर संधू, विनोद कांबळी, अजित आगरकर हेही त्यांचेच शिष्य. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिनने त्या स्कूटरचीच आठवण काढली. डोक्यात हवा जाऊ नये म्हणून सरांनी इतक्या वर्षांत एकदाही 'छान खेळलास' म्हटले नाही, आता मात्र म्हणावयास हरकत नाही, असे तो म्हणाला. २ जानेवारी २०१९ रोजी सर निवर्तले. अंत्ययात्रेत मुलांनी बॅटी उंच धरून मानवंदना दिली, आणि सचिनने खांदा दिला. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन व विनोद यांनी शारदाश्रम शाळेकडून ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्याच वर्षी २२ एप्रिलला गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्या धरणापायी कितीक गावे उठली. घरे, शाळा, देवळे नव्या जागी बांधावी लागली. शेत पाण्याखाली जाते, चावडी जाते, पण गुरुजींनी शिकविलेले पाण्याखाली जात नाही.

आता देणगीदारांना एक विनंती. खेळाडू मुले खेड्यातही असतात, अभ्यासू मुली खेड्यातही असतात. सामने, परीक्षा आणि मोठ्या शाळा मात्र पवनीला, भंडाऱ्याला, नागपूरला असतात. मधल्या रस्त्यावर कितीतरी मुलांचे शिक्षण अडते, कारण नेणारे कोणी नसते. ज्यांच्या दारात मोटार किंवा फटफटी उभी आहे, त्यांनी वर्षातून दोन-चार वेळा गावचे एखादे मूल तेथवर पोहोचवावे. त्याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र द्यावा लागतो. मंदिराच्या कामात जी एकजूट दिसली, तीच यात दिसली तर ही वास्तू खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.

अशी बुद्धी परमेश्वराने सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.