चिप कुणी निवडायची?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणावरून)

आज कायद्यावर नाही, कॉम्प्युटरवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईची सगळी हकीकत त्याच पेटीत असते. तिचा नवा पत्ता, डॉक्टरी दाखला, २००५च्या कायद्याखाली केलेला अर्ज, सगळं. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. आमचं जुनं मशीन त्याच्या पुढे जाईना. म्हणून नवं जुळवायचं ठरलं.

आम्ही तिघी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बजेट सांगा, बाकीचं साहेबांशी बोलतो." आमच्यात साहेब नाहीत, हे त्याला पटेना! मग त्यानं ७४०० क्रमांकाचा वापरलेला आय-फाइव्ह दाखवला. "आय-थ्रीपेक्षा भारी," म्हणाला. आम्ही काही न घेता परत आलो आणि आधी अभ्यास केला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की नुसतं आय-थ्री, आय-फाइव्ह पाहून भुलायचं नाही. पुढचा आकडा पाहायचा. ७४०० म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे पैसे घालून आम्ही पुन्हा तिथेच अडकलो असतो! याउलट १२१०० हा आय-थ्री बाराव्या पिढीचा, २०२२मध्ये आलेला. कोअर दोघांतही चार. पण नव्यात प्रत्येक कोअर दोन कामांचे धागे सांभाळतो, जुन्यात एकच.

दुसरी गोष्ट, शेवटचं अक्षर. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो. पण 'एफ' म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायची सोय आत नाही; वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या. वाचलेले पैसे तिथेच जातात, वर आणखी लागतात.

तिसरी गोष्ट, काम कोणतं? आम्ही फळ्यावर यादी केली: केसपेपर, मराठी पत्रं, हिशेब, वकिलांशी व्हिडिओवर बोलणं. एवढ्याला चार कोअर पुरतात. ज्या गटाला पथनाट्याचं चित्रीकरण जोडून फिल्म करायची आहे, त्यांनी सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी पाहावा. त्यातही ग्राफिक्स आतच आहे. मात्र त्याचा मदरबोर्ड वेगळा, एएम४ सॉकेटचा.

आम्ही १२१०० घेतला. त्याचा मूळ वीजवापर ६० वॉट. आमच्याकडे वीज जाते, तेव्हा हे महत्त्वाचं. वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस आला. बाईचं म्हणणं अर्धं लिहून झालंय आणि पडदा काळा, असं आता होत नाही. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावणं किती क्रूर आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

जुळणी आमच्या नववी शिकलेल्या कार्यकर्तीनं केली. चिपच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा, वरून दाबायचं नाही, मग दांडी लावायची. पिना बोर्डावर असतात. त्या वाकल्या तर बोर्ड गेला. तिचा हात थरथरला नाही. आमचे श्वास मात्र थांबले होते!

हे क्षेत्र पुरुषांचं, असं म्हणणाऱ्यांना लिन कॉनवे यांचं नाव सांगा. लिंगबदलाच्या निर्णयामुळे आयबीएमनं १९६८मध्ये त्यांना काढून टाकलं. त्यांनी १९८०मध्ये कार्व्हर मीड यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकातून हजारो विद्यार्थी चिप आखायला शिकले. कंपनीनं माफी मागितली ती २०२०मध्ये.

मैत्रिणींनो, आपण बायांना सांगतो, सही करण्याआधी कागद वाचा. मग पावतीवरचा क्रमांक आपणही वाचायला नको का? पुढच्या वेळी दुकानदारानं साहेबांना विचारलं, तर यादी पुढे करा आणि म्हणा, आमच्याशीच बोला.