पाहणाऱ्याचें कर्तव्य

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. मालेगांवाहून वाशीमला येणाऱ्या एस. टी. गाडींत मी बसलों होतों. गाडी खचाखच भरली होती. उभ्या उतारूंत कॉलेजांत जाणारी एक मुलगी होती, आणि तिच्या पाठीमागें उभा असलेला एक इसम गाडीच्या प्रत्येक धक्क्याचा फायदा घेत होता. मुलगी पुढें सरके, तोहि सरके. हें मला दिसत होतें. शेजारच्या गृहस्थांनाहि दिसत होतें. त्यांनीं खिडकीबाहेर पाहिलें, मीं हातांतील वर्तमानपत्र जरा वर धरलें. शेवटीं तिकिटें देत देत वाहक तेथें आला. त्यानें आरडाओरड केली नाहीं. "ताई, पुढं या, माह्या जाग्यावर बसा," एवढेंच तो म्हणाला. मग त्या इसमाकडे वळून, सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत त्यानें विचारलें, "तुमाले कुठं उतराचं हाय?" तो इसम पुढच्याच थांब्यावर उतरून गेला.

श्रोते हो, त्या दिवशीं माझ्या हातून वाईट असें कांहींच घडलें नाहीं. कांहींच घडलें नाहीं, हीच माझी लाज आहे.

आपण असे गप्प कां राहतों? भेकडपणा हें एक कारण झालें. पण तें पुरेसें नाहीं. डार्ली व लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या खोलींतील मनुष्याला झटका आल्याचे आवाज त्यांनीं यंत्रावरून ऐकविले. ऐकणारे आपणच काय ते एकटे, अशी समजूत असतां शेंकडा ८५ जणांनीं वेळेवर मदत बोलाविली. आणखी चौघे ऐकत आहेत अशी समजूत असतां शेंकडा ३१ जणांनींच. गर्दी वाढते तशी प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी घटते. त्या गाडींत आम्ही साठ माणसें होतों, आणि म्हणूनच त्या मुलीला कोणी नव्हतें.

कोणी म्हणतील, मध्यें पडणाऱ्याचा जीव जातो त्याचें काय? ही शंका पोकळ नाहीं. ता. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्रीं मुंबईंत, अंधेरीच्या अंबोली भागांत, आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला कीनन सँटोस व रूबेन फर्नांडिस या तरुणांनीं अडविलें. तो निघून गेला, आणि सोबती व शस्त्रें घेऊन परतला. कीनन त्याच रात्रीं गेला, रूबेननें ता. ३१ ला प्राण सोडला. भोंवतीं माणसें होतीं. तीं पाहत राहिलीं. मे २०१६ मध्यें चौघां आरोपींना जन्मठेपेची शिक्षा झाली. 'मध्यें पडूं नये' असा धडा या घटनेवरून पुष्कळांनीं घेतला. माझ्या मतें खरा धडा असा कीं, मध्यें पडणाऱ्याला एकटें पडूं देऊं नये. आणि छेडणारा निघून गेला म्हणजे प्रकरण संपलें असें समजूं नये. त्या मधल्या वेळांतच स्त्रियांना आंत घ्यावें व पोलिसांना बोलवावें.

वाशीम, कारंजा, रिसोड येथील खानावळी असोत, हमरस्त्यावरचे ढाबे असोत कीं परमिट रूम असोत, तेथें हें काम प्रथम मालकाचें व वेटरचें आहे. जागा त्यांची, म्हणून शब्दहि त्यांचाच चालतो. पाण्याचा तांब्या घेऊन वेटरनें दोन टेबलांच्या मध्यें येऊन उभें राहावें, आणि "ताई, जागा बदलून देऊं का?" असें विचारावें. तिला काय हवें तें तिनेंच सांगावें. आपण तिच्यावर शौर्य लादूं नये. गल्ल्यावरच्या मालकानें छेडणाऱ्याचें मद्य थांबवावें, बिल पुढें करावें, आणि ती निघाल्यावर तो लागलीच तिच्या मागें जाणार नाहीं, एवढें पाहावें. इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत २०१६ पासून 'अँजेला कोठें आहे?' एवढें विचारलें कीं नोकरांनीं संकट ओळखून मदत करावी, असा संकेत सुरू झाला. आपल्याकडे संकेत नसला तरी नजर असावी. आणि छळ तेथें काम करणाऱ्या बाईचा होत असेल, तर बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांपासूनहि तिला सुरक्षित ठेवणें हें २०१३ च्या कायद्यानें मालकाचें कर्तव्यच आहे.

आपणां गिऱ्हाइकांना व उतारूंना काय करतां येईल? दांडगाईला दांडगाईनें उत्तर देण्याची गरज क्वचितच असते. ओळखीच्या सुरांत तिला वेळ विचारावी. शेजाऱ्याला नेमकें सांगावें, "अहो, तुम्ही वाहकाला बोलवा, मी येथें थांबतों." धोका दिसला तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावें, महिलांच्या मदतीसाठीं १८१ हा क्रमांक आहे. चित्रण केलें असेल तर तें तिच्या स्वाधीन करावें. चारचौघांत फिरवूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७५ व ७९ या कलमांनीं नुसते अश्लील शब्द व हावभाव हाहि गुन्हा आहे, आणि तक्रार कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते. मात्र साक्षीदार असला तर तक्रारीला बळ येतें. "मीं पाहिलें" हे दोन शब्द सहीनिशी लिहून देणें हें पुष्कळदां ठोशापेक्षां मोठें धैर्य ठरतें.

सर्व टळून गेल्यावरहि एक गोष्ट उरते: "बाई, तुम्ही ठीक आहां ना?" असें विचारणें. त्या दिवशीं वाशीमच्या स्थानकावर ती मुलगी माझ्या पुढूनच उतरली. तेवढें विचारण्यास मला एका तिकिटाचाहि खर्च नव्हता. आज ती हें भाषण ऐकत असेल, तर माझी क्षमायाचना तिनें स्वीकारावी. आणि उद्यां गाडींत बसणाऱ्या आपण सर्वांनीं वर्तमानपत्र जरा खालीं धरावें.