बेताच्या खर्चातील गृहसजावट : फरशी, भिंत आणि कापड

घराच्या सजावटीत स्वस्त काय आणि महाग काय, हे बहुधा दुकानातील भावावरून ठरवले जाते. परंतु घरात एकदा बसवलेल्या वस्तूची खरी किंमत खरेदीचा भाव, बसवण्याची मजुरी, निगा आणि पुढे कधीतरी ती काढून दुसरी बसवण्याचा खर्च या चार बाबी मिळून होते. यांपैकी चौथी बाब सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. स्ट्यूअर्ट ब्रँड या अमेरिकन लेखकाने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ बिल्डिंग्ज लर्न’ या ग्रंथात, ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांच्या विचाराचा विस्तार करून, इमारत ही वेगवेगळ्या गतीने बदलणाऱ्या थरांची बनलेली असते असे मांडले. इमारतीचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, नळ आणि विजेच्या तारा त्याहून पुष्कळ लवकर बदलाव्या लागतात, तर सामानसुमान सतत हलत असते. हा विचार बेताच्या उत्पन्नाच्या घराला लावला, तर त्यातून खर्चाचा एक क्रम हाती येतो : जे बदलणे अवघड ते टिकाऊ घ्यावे, आणि जे बदलणे सोपे ते साधे ठेवावे.

या क्रमात फरशी पहिली येते, कारण ती बदलायची म्हणजे जुनी उखडणे, राडारोडा वाहून नेणे, नवी बसवणे आणि तोपर्यंत खोली रिकामी ठेवणे, असा सगळा व्याप ओढवतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांना ज्या शहाबादी फरशीने पाय टेकवायला जागा दिली, ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातील चुनखडीच्या खडकाची असते. हा खडक सपाट थरांत साठलेला असल्यामुळे त्याच्या लाद्या सहज सुटतात, आणि मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली शहाबादवरून रायचूरपर्यंत पोहोचल्यामुळे इतका जड दगड दूरवर नेणे शक्य झाले. तिच्या स्वस्ताईमागे ही दोन्ही कारणे आहेत. राजस्थानचा कोटा आणि ओट्या-मांडण्यांसाठी वापरला जाणारा आंध्र प्रदेशातील कडप्पा हेही चुनखडीचेच प्रकार होत. चुनखडीवर आम्लाची क्रिया होते, म्हणून या फरश्या आम्लयुक्त द्रावणाने घासू नयेत. लिंबाचा किंवा चिंचेचा डाग वेळीच पुसला नाही, तर तेवढ्या जागची झिलई जाते.

विसाव्या शतकात नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आणि मोझेक यांची त्यात भर पडली. १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स’सारख्या कारखान्यांतील सिमेंटच्या लाद्या भट्टीत भाजल्या जात नाहीत, साच्यात रंगीत थर ओतून, दाबून आणि पाण्यात मुरवून त्या घट्ट होतात. मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे मिसळून केलेला व नंतर घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग होय. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो मळकट झाला तरी यंत्राने पुन्हा घासून पॉलिश करता येतो, आणि जुन्या घरात हे काम फरशी बदलण्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. आजची व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षा अधिक पाणी शोषत नाही, त्यामुळे डाग धरत नाही. मात्र तुटलेली एखादी टाइल बदलायची वेळ आली की तीच छटा बाजारात मिळेलच असे नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच चार-सहा नग जास्त घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. जुन्या फरशीवरच नवी बसवल्यास तोडफोड वाचते, परंतु जमिनीची पातळी वर येऊन दारे खालून तासावी लागतात, हा खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

भिंतीचे गणित निराळे आहे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीची जमीन १२० चौरस फूट भरते, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दारे-खिडक्यांसाठी ५० चौरस फूट वजा केले, तरी भिंतींचे क्षेत्र जमिनीच्या तिपटीहून अधिक राहते. त्यामुळे भिंतीवर दर चौरस फुटामागे वाढलेला एक रुपया फरशीवर वाढलेल्या तीन रुपयांहून जड पडतो. भिंत पुन्हा रंगवणे तुलनेने सोपे असल्याने इथे महाग रंगाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. चुना हा सर्वांत जुना आणि स्वस्त पर्याय होय. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवली की तिचा चुना होतो, आणि भिंतीवर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला आळा घालतो आणि भिंतीतील ओलावा बाहेर जाऊ देतो. अंगाला पांढरा लागतो, हा त्याचा दोष. डिस्टेंपर हा मधला पर्याय, तर प्लास्टिक इमल्शन पुसता येते, पण ओल्या भिंतीवर त्याचा पापुद्रा सुटतो. कोकणातील पावसाळ्यात पोपडे आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार, दिसू लागले की दोष रंगाला दिला जातो; वास्तविक गळती किंवा ओल आधी बंद केल्याशिवाय त्यावर दिलेला प्रत्येक हात वाया जातो.

तिसरा थर कापड आणि सामानाचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना फरशी बदलण्याचा अधिकार नसतो, भिंतही मालकाला विचारून रंगवावी लागते. त्यांच्यासाठी सजावट म्हणजे मुख्यतः हाच थर, आणि घर बदलताना तो सोबत नेता येतो. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर पलंगावर, दिवाणावर आणि भिंतीवरही शोभते. सतरंजी साधी फरशी झाकते, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी जवळजवळ फक्त शिलाईच्या श्रमात तयार होते. पडद्याला चुण्या नीट पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दुपटीइतके कापड लागते, आणि सुती कापड आटत असल्याने ते शिवण्यापूर्वी धुऊन घ्यावे लागते; या दोन गोष्टी विसरल्या की स्वस्त पडदा दुसऱ्यांदा शिवावा लागतो. लाकडी सामानात दाबलेल्या भुशाचे नवे कपाट दमट हवेत फुगते, तर जुन्या बाजारातील सागवानी कपाट पॉलिश करून आणि वेताची खुर्ची पुन्हा विणून घेतली की दीर्घकाळ चालते.

या विवेचनावरून खर्चाचा क्रम स्पष्ट होतो : आधी ओल आणि गळतीची दुरुस्ती, मग फरशी, त्यानंतर भिंत आणि शेवटी कापड. व्यवहारात मात्र हा क्रम अनेकदा उलटा होतो, कारण सणासुदीला पडदे आणि रंग चटकन दिसतात, तर ओल बुजवण्याचे काम पाहुण्यांना दिसत नाही. ज्या कुटुंबाची मिळकत मर्यादित आहे, त्याने सर्व खोल्या एकाच वर्षी सजवण्याचा हव्यास सोडून, एका वर्षी एका खोलीचे सर्व थर या क्रमाने पुरे केले, तर तेवढ्याच पैशात प्रत्येक काम एकदाच करावे लागते.