दमेकऱ्याचं शेतीचं वर्ष
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



पिकावर कीड दिसली की आपण लगेच पान उलटून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, कृषी केंद्रावर चौकशी करतो. पण घरातल्या माणसाला मध्यरात्री धाप लागते, तो बाजेवर उठून बसतो, गुडघ्यावर हात टेकून सकाळ करतो, आणि सकाळी आपण म्हणतो, "थंडी बाधली असंल." दिवस उजाडला की त्याला थोडं बरं वाटतं, तो रानात जातो आणि रात्रीची गोष्ट सगळे विसरतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. या दुखण्याचं नाव दमा. आज आपल्याला बोलायचं आहे ते दमेकऱ्याच्या रोजच्या जगण्याविषयी आणि त्यानं दवाखान्याचा उपयोग कसा करून घ्यावा याविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात ४ लाख ५५ हजार माणसं त्यानं दगावली. यातले बहुतेक मृत्यू आपल्यासारख्या देशांत होतात. आपल्याकडचा दमा जास्त कडक म्हणून नव्हे. रोग वेळेवर ओळखला जात नाही आणि योग्य औषध रोज घेतलं जात नाही, म्हणून. म्हणजे हे मरण टाळता येण्यासारखं आहे, हे आधी ध्यानात घ्या.

दमा म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या छातीत श्वासाच्या नळ्यांचं जाळं असतं. ठिबकच्या बारीक नळ्यांसारखं समजा. दमेकऱ्याच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. त्याला बरं वाटतं तेव्हाही थोडी सूज असतेच. अशा नळीला धूळ, धूर, गार हवा किंवा सर्दी लागली की ती आवळते, आत चिकट कफ साचतो आणि हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणजे दोन गोष्टी झाल्या: नळीचं आवळणं आणि नळीची सूज. या दोन्हींवरची औषधं वेगवेगळी आहेत, ते पुढे सांगतो.

दमा संसर्गानं पसरत नाही. दमेकऱ्याचं ताट-तांब्या वेगळा करू नका. घराण्यात दमा असला तर मुलाला होण्याचा संभव जास्त असतो, पण तो कुणाच्या पापानं होत नाही. मुलीचं लग्न मोडेल म्हणून तिचा दमा लपवणं आणि तिला औषधाविना ठेवणं, हा तिच्या जिवाशी खेळ आहे.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्याचं वर्ष बघा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव, पाचही तालुक्यांत सोयाबीन आहे, हळद आहे, तूर-हरभरा आहे. पाऊस सुरू झाला की घरात ओल धरते, भिंतीला आणि भुसकटाला बुरशी येते. पावसाळ्यात गाजरगवत माजतं, त्याचे फुलांचे कण हवेत उडतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची मळणी. मग थंडी, धुकं आणि शेकोटीचा धूर. उन्हाळा लागताना हळद शिजवणं, वाळवणं आणि पॉलिश करणं. ढोल फिरू लागला की पिवळी धूळ चहूकडं. दमेकऱ्याला या सगळ्यातून जावं लागतं, आणि ज्या महिन्यात कामाला माणूस पाहिजे, मजुरी चांगली मिळते, त्याच महिन्यात तो आडवा पडतो.

सोयाबीनच्या धुळीची एक खरी गोष्ट सांगतो. स्पेन देशात बार्सिलोना नावाचं बंदराचं मोठं शहर आहे. तिथं १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून असा दिवस उगवायचा, की एकाच दिवशी दम्याचे कितीतरी रोगी धापा टाकत दवाखान्यात यायचे. असे २६ दिवस मोजले गेले. डॉक्टरांनी कारण शोधलं आणि १९८९ साली ते छापून आलं. ज्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरायचं, त्याच दिवशी हा प्रकार व्हायचा. सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ कोठारातून उडून वाऱ्यानं शहरात जात होती. कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि साथ थांबली.

बंधूंनो, ते लोक सोयाबीनपासून कितीतरी लांब, आपल्या घरात होते. आपला माणूस तर हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो. तेव्हा मळणीच्या वेळी एवढं पाळा. ज्याला दमा आहे त्याला यंत्रात पेंढ्या टाकायला किंवा भुसकट ओढायला लावू नका. त्याला पोती शिवायला, हिशेबाला, पाणी-चहाला लांबच्या जागी ठेवा. यंत्र असं लावा की भुसकट वाऱ्याच्या दिशेनं पलीकडं जाईल आणि माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतील. नुसत्या उपरण्यानं बारीक धूळ अडत नाही. औषधाच्या दुकानात एन-९५ नावाचा मुखपट्टा मिळतो, तो नाकावर घट्ट बसवून वापरा. काम संपलं की कपडे बाहेरच झटका, आंघोळ करा, मगच घरात या. आणि दमेकऱ्याची बाज गुळीच्या ढिगाजवळ किंवा आखाड्यावरच्या भुसकटाच्या खोलीत टाकू नका. हळदीच्या पॉलिशलाही हेच नियम लागू.

इथं मळणीवाल्यांना आणि जमीनवाल्यांना एक सांगणं आहे. मजुराला दमा आहे म्हणून त्याला घरी बसवू नका. घरी बसवलं तर पुढच्या वेळी तो दमा लपवील आणि यंत्राच्या तोंडाशीच उभा राहील. त्याची जागा बदला, रोज बुडवू नका.

भगिनींनो, धूळ रानात आहे, तसा धूर घरात आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांच्या धुरात सकाळ-संध्याकाळ तुम्ही असता आणि कडेवर लेकरू असतं. गॅस असेल तर तो फक्त पाहुण्यांच्या चहापुरता ठेवू नका. चूल पेटवायचीच असेल तर उघड्यावर किंवा मोठ्या खिडकीजवळ पेटवा आणि दमेकरी मुलाला लांब ठेवा. डास पळवायची अगरबत्तीही बंद खोलीत जाळू नका. २००३ साली छापलेल्या एका तपासणीत असं दिसलं की अशी एक कॉइल जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत जातात. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि घरात दमेकरी असेल तर बिडी बाहेर ओढतो, असंही म्हणू नका, ती सोडाच.

आता औषधाकडं वळू. दम्याचा "पंप" म्हटलं की आपल्याकडं लोक दचकतात. पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की सुटत नाही, अशी समजूत आहे. ती खरी नाही. गोळी पोटात जाऊन सगळ्या अंगभर फिरते. पंपातलं औषध थेट श्वासाच्या नळीत जातं, म्हणून फार थोडं पुरतं. फवारणी पिकावर करायची का बांधावर, तसंच हे आहे.

पंप दोन कामांचे असतात. एक आवळलेली नळी सैल करणारा. त्यात बहुधा सालब्युटामॉल असतं. त्यानं काही मिनिटांत आराम पडतो, पण आतली सूज कमी होत नाही. दुसरा सूज उतरवणारा. त्यात बुडेसोनाइडसारखं औषध असतं. त्याचा गुण हळूहळू येतो आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तसा तो रोज घ्यावा लागतो, बरं वाटत असलं तरी. आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो ती रोग येण्याच्या आधी. हा पंप तसाच. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढणं धोक्याचं आहे. २०१९ पासून दम्याविषयीचं जागतिक मार्गदर्शनही हेच सांगतं. काही पंपांत दोन्ही औषधं एकत्र असतात. तुमचा पंप कोणत्या कामाचा, हे डॉक्टरांना विचारा आणि त्याच्यावर खूण करून ठेवा. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही. कॅप्सूलचा पंप असेल तर ती कॅप्सूल गिळायची नसते, यंत्रात घालून ओढायची असते.

फवाऱ्याचा पंप दाबणं आणि श्वास ओढणं पुष्कळांना एका वेळी जमत नाही. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना तर नाहीच. त्यासाठी मध्ये एक नळकांडं लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. तो मिळाला नाही तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचाही उपयोग होतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर तपासून १९९९ साली छापलं आहे. बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं, बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, पंप एकदा दाबायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. पहिल्यांदा हे नर्सताई किंवा डॉक्टरांसमोर करून बघा.

आता दवाखान्याचं. आपली रीत अशी, की फार झालं की रात्री मोटारसायकलवर बसवून न्यायचं, सुई मारून, सलाईन लावून आणायचं, पैसे उसने घ्यायचे आणि पुढचा झटका येईपर्यंत विसरायचं. समजा एखादा शेतकरी वर्षातून सहा वेळा असा गेला. त्याचा प्रवास, औषध, सोबत्याची मजुरी आणि बुडालेले दिवस यांचा हिशेब मांडा. बहुतेक वेळा वर्षभराचा पंप त्याहून स्वस्त पडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, यांत बरं असताना जा. पंपाचा साठा आहे का, हे आशाताईकडून आधी विचारून घ्या. तिथं नसला तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतो का ते पाहा.

जाताना एक वही न्या. रात्री किती वेळा जाग आली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, कोणत्या कामानंतर त्रास झाला, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगा. दुसऱ्या दुखण्यासाठी गेलात तरी "मला दमा आहे" हे आधी सांगा, कारण अंगदुखीच्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी दमा वाढतो. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. काही पुड्यांत भारी स्टेरॉइड असतं. चटकन बरं वाटतं, पण वर्षानुवर्षं घेतल्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. बाई गरोदर असली तरी पंप स्वतःहून बंद करू नये. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. प्रत्येक खोकला दम्याचा नसतो.

मृगाच्या सुमाराला आपल्याकडून काही मंडळी हैदराबादला माशाच्या तोंडातून दिलं जाणारं औषध घ्यायला जातात. कोजागरीला खिरीतून औषध घेणारेही आहेत. ज्याची त्याची श्रद्धा आहे, तिच्याविषयी वाद नाही. पण या औषधांनी दमा बरा होतो, असं वैद्यकीय तपासणीत सिद्ध झालेलं नाही. जायचं तर पंप खिशात ठेवून जा आणि परत आल्यावर तो बंद करू नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही पुरेल एवढं औषध आणि वही बरोबर न्यावी.

शेवटी धोक्याची लक्षणं पाठ करून ठेवा. एक वाक्य एका दमात पुरं बोलता येत नाही. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. ओठ निळसर पडतात. माणूस गुंगीत जातो. किंवा आराम देणाऱ्या पंपानंही उतार पडत नाही. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन लावा. रोग्याला आडवं निजवू नका, बसतं ठेवा, भोवतीची गर्दी हटवा. आराम देणारा पंप स्पेसरमधून एका वेळी एक फवारा, असे चार फवारे द्या. वीस मिनिटांत आराम नसेल तर वाटेतही पुन्हा चार द्या. शिट्टीचा आवाज एकदम थांबला आणि माणूस मात्र दमलेलाच असला, तर बरं वाटलं असं समजू नका. हवाच आत जात नसते, ती सगळ्यात वाईट खूण.

दमेकरी माणूस नांगर धरू शकतो, पेरणी करू शकतो, शाळेत पळू शकतो. त्याला रोजचं औषध, धुळीपासून लांबची जागा आणि घरच्यांची समज, एवढं मिळालं पाहिजे. यंदा मळणीची तारीख ठरवाल, यंत्र सांगाल, पोती मोजाल, तेव्हा त्याच दिवशी घरात आणि गड्यांत कुणाला दमा आहे आणि त्याचा पंप भरलेला आहे का, हेही विचारून घ्या.