दगडाचा थकवा



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. माणूस थकतो, बैल थकतो. दगड कसा थकणार? पण एखाद्या पाथरवटाला विचारा. मोठा धोंडा फोडायचा असला म्हणजे तो एकाच घावाच्या नादी लागत नाही. रेघेवर भोके पाडून त्यांत पाचरी बसवतो आणि क्रमाक्रमाने बेताचे घाव घालत जातो. प्रथम काहीच झालेले दिसत नाही. मग आवाज बदलतो, आणि थोड्या वेळाने दगड दुभंगतो. तो काय शेवटच्या घावाने फुटला? आणि आधीचे घाव वाया गेले?

शास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न आला तो आगगाडीच्या आसामुळे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक उतारू प्राणांस मुकले. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर या रेल्वे-इंजिनिअरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, एका वेळी सहज पेलेल असा भारही असंख्य वेळा दिला आणि काढला, तर धातू मोडतो. दगडाचीही हीच गत आहे. एका दमात फोडायला जेवढा भार लागतो, त्याच्या सत्तर-ऐंशी टक्केच भार पुनःपुन्हा दिला, तरी पुष्कळ फेऱ्यांनंतर दगड फुटू शकतो.

असे का व्हावे? हा सारा जमाखर्चाचा मामला आहे. दगड दाबताना आपण त्यात ऊर्जा घालतो. भार काढला की तो ती परत करतो, पण पुरी नाही. समजा शंभर रुपये दिले आणि पंच्याण्णव परत आले. मग पाच गेले कुठे? बरेचसे दगडातील बारीक भेगांच्या घर्षणाने उष्णता होऊन गेले. थोडे कानाला न ऐकू येणाऱ्या सूक्ष्म आवाजात गेले. आणि थोडे भेग लांबवण्यात खर्च झाले. उष्णता उडून जाते, आवाज विरून जातो. भेग मात्र दगडाच्या अंगी कायमची राहते. आधीचे घाव वाया जात नाहीत, ते असे खाती पडतात.

या हिशेबाचे तीन टप्पे दिसतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत तूट मोठी असते. मग ती घटते, आणि दीर्घकाळ जवळजवळ सारखी राहते. शेवटी दर फेरीला तूट वाढू लागते. दिवाळे जवळ आल्याची ती खूण होय.

दगडाला स्मरणही असते. १९५० साली जर्मनीत योझेफ कायझर यांना धातूंत असे आढळले की, पूर्वी सोसलेल्या भाराच्या आत पदार्थ गप्प राहतो, त्यापलीकडे गेले की सूक्ष्म आवाज करू लागतो. दगडातही हे दिसते. परंतु फार जर्जर झालेला दगड त्याआधीच कुरकुरू लागतो. पाथरवटाचा कान आणि प्रयोगशाळेचे यंत्र एकाच गोष्टीचा वेध घेत असतात.

भार देणारा घणच हवा असे नाही, ऊनही पुरते. अमेरिकेतील योसेमिटीच्या कड्यावर सुटलेल्या ग्रॅनाइटच्या एका पापुद्र्याला संशोधकांनी मापके लावली. दिवसा तो कड्यापासून दूर सरके, रात्री परत येई. ही हालचाल रोज सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत भरली. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे पाऊस नाही, भूकंप नाही, अशा निरभ्र दिवशीही कडा का ढासळतो, याचे एक उत्तर मिळाले.

आपला सह्याद्री बेसाल्टचा. त्यालाही ऊन-थंडीचे आणि ओल-कोरडीचे फेरे चुकलेले नाहीत. दरड कोसळते ती पाणी, उतार, कापलेला डोंगर अशा अनेक कारणांनी. सारा दोष थकव्यावर घालणे बरोबर नव्हे. पण घाटातल्या कड्याकडे बोट दाखवून "इतकी वर्षे उभा आहे, आता काय होतंय!" असे आपण म्हणतो, तेव्हा मधला शांत टप्पा पाहून फसतो. गेलेली वर्षे ही कड्याने दिलेली हमी नसून त्याच्या खात्यावरचा खर्च आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी घाटात दोरावर लोंबकळत सैल धोंडे पाडणाऱ्या माणसांचे काम दरसाल नव्याने करावे लागते. कड्यावरचा धोंडा आदल्या वर्षी पक्का होता, एवढ्यावर त्यांना विसंबता येत नाही. आपणही विसंबू नये.