परवाना आणि परिपाठ
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून पुष्कळांस नवल वाटले असेल. शाळामास्तराने शुद्धलेखनावर बोलावे, पिस्तुलावर काय म्हणून? परंतु आमच्या नोकरीत राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक अनेक वर्षे आमच्याकडे होते, आणि मुलांकडून पॉइंट टू टू रायफलीची चांदमारी करवून घेण्याचे काम आम्ही केले आहे. शिवाय आपला समाज सोन्याचांदीच्या व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारा. ज्यांच्या सराफी पेढ्या आहेत अशा काही घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल आहे. ते असावे की नसावे हा आजचा विषय नव्हे. ज्यांच्या कमरेला ते आहे, त्यांनी त्याचा अभ्यास किती ठेवला आहे, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. शस्त्र कायदा १९५९ सालचा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील जुने नियम जाऊन २०१६ साली नवे नियम आले. या नव्या नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याने शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला द्यावयाचा असतो. त्याच नियमांत असेही आहे की, सार्वजनिक जागी पिस्तूल न्यावयाचे तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे, ते संपूर्ण झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा. म्हणजे आपल्याकडे पिस्तूल झाकून बाळगणे ही हौस नसून तो नियमच आहे. लग्नाच्या वरातीत कोटाची कड सारून ते दाखविणाऱ्या तरुण मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्यास तर २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आता ‘पुरता ताबा’ या शब्दांचा अर्थ काय? दाखला एकदा मिळतो. परवान्याची मुदत पूर्वी ३ वर्षे होती, ती त्याच दुरुस्तीने ५ वर्षे झाली. या पाच वर्षांत किती काडतुसे विकत घेतली याची नोंद सापडते, परंतु हाताला सराव किती घडला याची नोंद कोठेही नसते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर जून महिन्यात ‘तेरा साते किती’ असे विचारले की निम्मा वर्ग छताकडे पाहू लागतो, हे आम्ही दरसाल पाहिले आहे. दीड-दोन महिन्यांत पाठ केलेला पाढा जातो, तर वर्षातून एकदाही न हाताळलेल्या शस्त्राची रीत हातात कशी राहील? आणि पाढा शांतपणे विचारला जातो. दरोडेखोर शांतपणे विचारीत नाही. छाती धडधडू लागली, हात कापू लागले, की मनुष्याच्या हातून तेवढेच घडते जेवढे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आपल्याच धंद्यातील दाखला घ्या. वर्षभर फुंकणीला हात न लावलेल्या कारागिराच्या पुढे गिऱ्हाइकाचे सोने आपण ठेवू काय?

अपघात कोणास होतो? अडाण्यासच होतो असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत प्रसिद्ध नट गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघण्याच्या गडबडीत शस्त्र ठेवताना ते हातातून निसटून गोळी सुटली, असे त्या वेळी सांगण्यात आले. सुदैवाने ते बरे झाले. त्यांना नावे ठेवण्याकरिता आम्ही हे सांगत नाही. पहाटेची घाई, प्रवासाची लगबग आणि भरलेले शस्त्र ही तीन एकत्र आली म्हणजे कोणाच्याही घरी काय होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

पिस्तुलातील एक चूक तर सर्वत्र आढळते. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा समज. मॅगझीन निघाले तरी एक काडतूस नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, बसलेले असू शकते. म्हणून मॅगझीन आधी काढावे, मग स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. हा क्रम उलटला, तर मॅगझीनमधील वरचे काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जाऊन बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र उघडून सर्व घरे मोजावी लागतात. मोजावी असे आम्ही मुद्दाम म्हणतो; नुसती नजर टाकून भागत नाही. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून अर्धा मिनिट तरी थांबावे, कारण दारू उशिरा पेटण्याचा संभव असतो. हे सारे वाचून कळते. परंतु कळणे आणि वळणे यांतील अंतर सरावानेच तुटते. छात्रसेनेच्या मुलांना आम्ही बोट चापाबाहेर ठेवावयास शिकवीत असू, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांना समजे. प्रत्येकाचे बोट न सांगता बाहेर राहू लागण्यास मात्र सगळा हंगाम जाई.

झाकून बाळगण्याने आणखी एक अडचण येते, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. शस्त्र सदऱ्याखाली किंवा कोटाखाली असते. ते बाहेर काढताना कापड अडकते, आणि परत ठेवताना सदऱ्याचे टोक चापात शिरते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातील डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, सुरा घेतलेला मनुष्य २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो. आपल्या पेढीची लांबी यापेक्षा क्वचितच अधिक असेल. कमरेचे शस्त्र काढण्यास तुम्हांस किती वेळ लागतो, हे कधी मोजून पाहिले आहे काय? ज्याने मोजले, त्याला बहुधा हेही उमगते की पिस्तुलापेक्षा दाराची जाळी, धोक्याची घंटा आणि गल्ल्यामागून निसटण्याची वाट यांचा भरवसा अधिक आहे. अभ्यासाने मनुष्य धीट होतो असे म्हणतात. आम्हांस वाटते, या बाबतीत तो आधी सावध होतो.

आणि झाडावी केव्हा? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे, आणि ३७ व्या कलमात त्याची मर्यादाही: बचावास जरूर तेवढीच इजा, अधिक नाही. दरोडेखोर पिशवी टाकून पाठ फिरवून पळत सुटला आणि कोणाच्या जिवाला भय उरले नाही, तर त्या पाठीवर झाडलेली गोळी बचावाची म्हणता येईल काय? पेठेतील काचेपलीकडे गिऱ्हाइके, सायकलवाले, शाळेतून परतणारी मुले असतात. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास १०६ व्या कलमाखाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोन्याचा विमा उतरविता येतो, बंधूंनो. हा निर्णय एका क्षणात घ्यावयाचा असतो, म्हणून त्याचा विचार आधी शंभर वेळा होऊन गेलेला असावा. प्रशिक्षणाचा हा भाग नेमबाजीहून मोठा आहे, आणि त्याला एकही काडतूस खर्च होत नाही.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना तेथील तऱ्हा ठाऊक असेल. टेक्सास राज्यात १९९५ सालच्या कायद्याने झाकून पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळू लागला, तेव्हा वर्गात बसणे आणि नेमबाजीची परीक्षा देणे सक्तीचे होते. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथे २१ वर्षांवरील पात्र माणसास परवान्यावाचूनच पिस्तूल बाळगता येते. म्हणजे शिकणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. तेथील जबाबदार मंडळी तरीही पदरचे पैसे खर्चून दरसाल शिकावयास जातात. आपल्याकडे कायदा कडक आहे, म्हणून आपण निर्धास्त झालो आहोत, असे आमचे मत आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. खेळातील नेमबाजी आणि स्वसंरक्षण या गोष्टी निराळ्या, हे खरे. परंतु पदक मिळाल्यावर अशी खेळाडू सराव सोडून देत नाही. मग आपला दाखला कपाटात ठेवून आपण कसे स्वस्थ बसतो?

घरातील भगिनींसाठी दोन शब्द. परवान्यावर ज्याचे नाव, त्याचाच हात शस्त्राला लागावा. नोकराच्या हाती ते देणे हा गुन्हा आहे. घरी शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात. उशीखाली किंवा साड्यांच्या घडीत ठेवलेली वस्तू लहान मुलांना सापडत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी मूल सांभाळलेले नाही.

मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे. जवळच्या रायफल क्लबाशी बोलून, त्यांच्या नियमांनुसार, परवानाधारक बंधूंसाठी दर तीन महिन्यांनी एक दिवस जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली सराव ठेवावा. त्यात वर्षातून एकदा वकिलांचे एक तास व्याख्यान असावे. साठी ओलांडलेल्यांनी डोळे तपासून यावे. जवळचे अंधुक दिसू लागले की पिस्तुलाची माशी आधी दिसेनाशी होते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांना तोंडी कळवावे. कोणाच्या घरी शस्त्र आहे याची यादी स्मरणिकेत किंवा सूचनाफलकावर लागणार नाही, ती लागूही नये. पहिल्या दिवशी येताना शस्त्र आणू नये. वही आणि पेन्सिल पुरे.